दुर्गाबाई ताटावरून उठत नाहीत

बिबवेवाडीत दुर्गाबाईंचं पोळी-भाजी केंद्र कुणाला ठाऊक नाही? नवऱ्यापाठोपाठ वाशीमहून पुण्यात आल्या. हिंजवडीला कंपन्या झाल्या, पोरंपोरी इथं कॉट बेसिसवर, एकेक खाट भाड्यानं घेऊन राहू लागली, आणि यांच्या तव्याला उसंत राहिली नाही. निम्म्या आयटीवाल्यांना यांनीच पोसलं म्हणा ना! आणि घरात काय? यांचीच लेक अपेक्षा, चोवीस वर्षांची, चांगल्या नोकरीतली, जेवेना. नुसती हाडं उरली. एक दिवस कंपनीच्या बसमध्येच चक्कर येऊन पडली.

मग काय, लोकांची तोंडं सुटली. मोठी नणंद मुक्ताई म्हणाली, "दृष्ट काढ. नाहीतर लग्न उरकून टाक, सासरी गेली की झक मारत जेवेल."

"तिला दवाखाना लागतो, ताई. नवरा नाही," दुर्गाबाई म्हणाल्या आणि लेकीला घेऊन निघाल्या.

तिथल्या डॉक्टरबाई दर रविवारी चार घरं एकत्र बसवायच्या. जेवणाशी वैर धरलेली मुलं आणि त्यांचे आईबाप. आधी बोलणं, मग घरून आणलेले डबे. आग्रह करायचा नाही, रागवायचं नाही, मुलांच्या ताटाकडे टक लावायची नाही. सोबत बसून जेवायचं, बस्स.

पहिल्याच रविवारी दुर्गाबाई पदर खोचून चारही घरांना वाढत सुटल्या. "तुमचं होऊ द्या, मी मागनं बसते!"

अपेक्षा मान खाली घालून म्हणाली, "ती नाही बसणार. मी तिला बसून जेवताना पाहिलेलंच नाही. ओट्यापाशी उभं राहून उरलंसुरलं तोंडात टाकते." मग आईला म्हणाली, "तू शेजारी बसलीस तर मी प्रयत्न करीन. उठलीस की मीही उठणार."

"म्हणजे माझ्यामुळं झालं हे?" दुर्गाबाई कडाडल्या.

"दोष कुणाचाच नाही, आजार आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण ती सोबत मागतेय."

असा राग आला दुर्गाबाईंना! लेकीचा नव्हे, डॉक्टरबाईंचाही नव्हे. इतकी वर्षं गारढोण पोळी गिळली, त्याचा. फतकल मारून बसल्या. अपेक्षानं रडत रडत अर्धी पोळी खाल्ली. मग घरीही दोघी रोज शेजारी बसू लागल्या. कधी लेकीचं ताट तसंच राहायचं, पण आई उठायची नाही.

खरी कसोटी भाऊबीजेला लागली. मुक्ताई लेक-जावयाला घेऊन भावाकडे जेवायला आली. या घरात पहिली पंगत पुरुषांची, कायदाच जणू. दुर्गाबाईंनी त्या पंगतीत दोन ताटं जास्त मांडली आणि अपेक्षाला घेऊन खुशाल बसल्या.

"अगं बाई! आणि वाढणार कोण?" मुक्ताईनं विचारलं.

"भांडी मध्ये ठेवलीत. देवानं सगळ्यांना हात दिलेत."

"जावई बसलेत, दुर्गे! निदान गरम पुऱ्या तरी तळ!"

दुर्गाबाईंचे यजमान बद्रीनाथ खाकरले. "ऊठ ना गं. बरं दिसतं का हे?"

दुर्गाबाईंचा गुडघा सवयीनं वर आलाच. शेजारी अपेक्षाच्या हातातला घास ताटात परत गेला. ते त्यांनी पाहिलं आणि पुन्हा मांडी ठोकून बसल्या.

"नाही उठणार," त्या म्हणाल्या. "जावई रुसले तर समजूत काढता येईल. माझी पोर गेली तर कुणाची काढू? मला भूक लागलीय. मी गरम जेवणार, आणि पोट भरेपर्यंत हलणार नाही. काय म्हणायचं ते म्हणा!"

मुक्ताई पाय आपटत गॅलरीत गेली. बद्रीनाथ उठून कढईपाशी गेले. त्यांच्या पुऱ्या ताटात आल्या, काही करपलेल्या, काही पांढऱ्याफटक.

दुर्गाबाई समोरच्या भिंतीकडे बघत जेवत राहिल्या. लेकीच्या ताटाकडे बघायचं नाही, नियम होता.

बऱ्याच वेळानं शेजारून आवाज आला, भरल्या तोंडाचा. "आई, बाबांची पुरी आतून कच्ची आहे."

दुर्गाबाईंनी घास गिळला. डोळे भरले होते, ते पुसले नाहीत.

"मग बाबांना सांग," त्या म्हणाल्या. "मी जेवतेय."