धक्क्याला धक्का न लावता

आमच्या भिंगरीने सहा वर्षं बंदरातल्या फेरीबोटीवर दोर फेकले. एका काठावर घरं, दुसऱ्या काठावर कचेऱ्या, मध्ये पंचवीस मिनिटांचं पाणी. हात असे राठ झालेत की गरम पातेलं फडक्याशिवाय उचलते. जीव मात्र सगळा वरच्या केबिनमधल्या सुकाणूत. परवाना तिने गेल्याच वर्षी मिळवला. पण कप्तानांनी होकार दिल्याशिवाय सुकाणू हाती येत नाही, आणि ते या महिन्यात निवृत्त होणार.

त्यांची अट एकच. "बोट धक्क्याला लाव, पण धक्का बसू देऊ नकोस. नाहीतर दोर आहेतच."

धक्का मोजायचं त्यांचं यंत्र म्हणजे घड्याळजी. हे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करतात, पण सव्वाआठच्या फेरीला पहिल्या बाकावर बसले की वेळेचं भान सोडून घोरू लागतात. बोट आदळली तर दचकून उठतात. अलगद लागली तर खांदा हलवून उठवावं लागतं. कप्तानांच्या हाती सुकाणू असलं की रोज उठवावं लागतं.

आज भिंगरीची परीक्षा. "आई, तू येऊ नकोस," असं तिने बजावलं होतं. पण ती डबा विसरली, मग कुणीतरी न्यायलाच हवा होता. मी घड्याळजींच्या मागेच बसले.

ओहोटी जोरात, वारा आडवा. धक्का जवळ आला तशी वर्तमानपत्रं मिटली, गप्पा थांबल्या.

"पोरगी जरा वेगातच आणतेय," शेजारची बाई कुजबुजली.

"ओहोटी आहे ना, हळू आणली तर वाहून जाईल," तिकीट तपासनीस म्हणाला. "तिला कळतं. तुम्ही पाय आवरा."

इंजिनाचा आवाज खाली आला. बोट तिरकी झाली, सरळ झाली. मधलं पाणी हातभर उरलं, मग वीतभर, आणि धक्क्यावरचे टायर नुसते कुरकुरले. दोर बांधले गेले. घड्याळजी घोरतच होते.

मांडीवर डबा आहे हे विसरून मी टाळ्या वाजवत उठले.

स्टीलचा डबा, लोखंडी डेक. घड्याळजी ताडकन उभे राहिले. नेमके तेव्हाच कप्तान जिना उतरून आले, मागे भिंगरी. घड्याळजींना उभं पाहून तिचा चेहरा उतरला.

"उठले?" कप्तानांनी विचारलं.

सगळी बोट एकदम बोलू लागली. घड्याळजींनी हात वर केला.

"बोट लागली कधी?"

"दोरसुद्धा बांधून झाले," तपासनीस म्हणाला.

"मग मला बोटीने नाही उठवलं." त्यांनी पायाशी घरंगळत आलेलं झाकण माझ्या हातात दिलं. "या बाईंनी उठवलं. कोण या?"

"आई आहे माझी," भिंगरी म्हणाली. "येऊ नकोस म्हटलं होतं."

कप्तानांनी डेकवर सांडलेल्या भाजीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"लेकीने धक्का दिला नाही, तो आईने दिला. उद्यापासून सव्वाआठची फेरी तुझी. डबा तेवढा विसरू नकोस."