ज्येष्ठमधाची काडी

माझ्या मुलाच्या हळदीला निम्मा मांडव तापाने फणफणला आणि त्याचं खापर उल्हासनगरच्या एका उसाच्या रसवाल्यावर फुटलं. रसवाला निर्दोष होता. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण सांगायचं मी टाळत आलो. आधी लग्नघरात कशाला म्हणून, मग झालं गेलं म्हणून, आणि पुढे पुढे तर कुणी विचारतच नव्हतं म्हणून. आजही कुणी विचारलेलं नाही. तरी सांगतो.

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे गुन्हा किती मोठा ते कळेल. कोरोनाच्या काळात मी आमच्या बदलापूरच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. (होतो म्हणजे, कुणी दुसरं तयार नव्हतं.) कपाळावर धरायचं ते तापमान मोजायचं यंत्र माझ्या हातात आलं आणि मी पार बदललो. दुधाच्या पिशव्यांना आंघोळ घातली. लिफ्टची बटणं दाबायला काड्या ठेवल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या देसायांना चिवडा खाताना ठसका लागला, तर मी त्यांचा जिनाच बंद करून टाकला! बिचारे ओरडून सांगत होते, "अहो, मिरची अडकली!" मी म्हटलं, "सगळे असंच म्हणतात."

तर असा मी. शिंकणाऱ्यांचा वैरी.

नितीनचं, म्हणजे माझ्या धाकट्या मुलाचं लग्न या काळात दोनदा पुढे गेलं. पन्नास माणसांत उरकता आलं असतं. मुलगी अंबरनाथची, तिच्या घरचेही तयार होते. पण नितीन हटून बसला. म्हणाला, "आत्या गाणार असेल तरच मी हळदीला बसेन. आणि आत्या पन्नास माणसांत गात नाही."

आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. आम्ही मूळचे बदलापूरजवळच्या खरवईचे आगरी. आमच्याकडे लग्न ठरलं की भटजीच्या आधी धवलारणीला निरोप जातो. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचे धवले असतात, ते तिने गायचे. ती गायला लागली की मगच पुढचं पाऊल. ती थांबली की नवरदेवसुद्धा हात वर करून थांबतो. आक्का पंचक्रोशीची धवलारीण होती. शाळेत गेली नाही, पण शेकडो धवले तोंडपाठ. माझी बायको सुमन नितीनच्या बाळंतपणानंतर फार आजारी होती, तेव्हा त्याला आक्कानेच सांभाळलं. तांदूळ पाखडता पाखडता त्याच्याच लग्नाचे धवले त्याला अंगाई म्हणून म्हणायची.

दोन वर्षं तिला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावणार कुठून? लग्नंच चोरून लागत होती. निर्बंध उठले आणि नितीनची तारीख धरली, तेव्हा ती घरात एकटीच भिंतीकडे तोंड करून गाऊन बघायला लागली. मला म्हणाली, "वसंता, गला हाय र अजून. मना वाटला गेला."

थंडी सरत आली होती. हळद चार दिवसांवर. आणि एका सकाळी मला शिंका आल्या.

आता या शिंका कुणा दुसऱ्याला आल्या असत्या, तर मी त्याचं दार बाहेरून लावलं असतं. पण त्या मला आल्या होत्या. त्यामुळे तो धुळीचा त्रास होता! संध्याकाळी अंग मोडून आलं, तो दगदगीचा त्रास होता. रात्री हुडहुडी भरली तेव्हा मात्र सुमन म्हणाली, "उठा. डॉक्टरकडे चला. उगाच शहाणपणा नको."

डॉक्टर तरुण होता. नाकात काडी घालून तपासलं आणि म्हणाला, "कोरोना नाही."

मी उभाच राहिलो. दहावी पास झाल्यावरही मला इतका आनंद झाला नव्हता.

"बसा काका. फ्लू दिसतोय. दोन वर्षं सगळे तोंड बांधून होते, म्हणून हा गावात फिरकला नव्हता. आता तोंडं उघडली, तो परत आलाय. रोज पेशंट येतायत. चार-पाच दिवस घरी बसा, मास्क लावा, आणि म्हाताऱ्या माणसांपासून लांब राहा."

"मीच म्हातारा आहे," मी म्हटलं.

"तुमच्याहून म्हाताऱ्या."

"पण कोरोना नाही ना?"

"नाही. पण फ्लूही काही..."

"मग झालं तर!"

पुढचं मी ऐकलंच नाही. त्या काळात आपण सगळेच असे झालो होतो. एका रोगाला इतके घाबरलो की बाकीचे रोग आपले पाहुणेच वाटायला लागले. मी मास्क काढून खिशात ठेवला. ती तपासणीची पट्टीही मागून घेतली. (डॉक्टर म्हणाला, "हिचं काय करणार?" मी म्हटलं, "असू दे.") लग्न तिसऱ्यांदा पुढे जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि सेक्रेटरीला शिंक आली हे सोसायटीत कळू नये, हेही होतं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी आक्काला घेऊन उल्हासनगरच्या कॅम्प तीनला गेलो. तिला आहेराची लुगडी स्वतः निवडायची होती. शेअर रिक्षात मागे आम्ही तिघं, मी मधोमध. मी शिंकलो की शेजारचा जीन्सचा गठ्ठेवाला बाहेर डोकं काढी. शेवटी तो म्हणाला, "अंकल, कोरोना है क्या?"

मी खिशातून पट्टी काढून त्याच्या नाकासमोर धरली. "निगेटिव!"

"तो फिर ठीक है," तो म्हणाला आणि डोकं आत घेतलं. बघा, एकटा मीच मूर्ख नव्हतो.

आक्का मात्र माझ्याकडे टक लावून होती. "तुना बरा नाय क र?"

"धूळ गं."

"गला धरलाय तुजा. थांब."

तिने कनवटीची पितळी डबी काढली. त्यात खडीसाखर आणि ज्येष्ठमध असायचा. तिच्या गळ्याचा सगळा संसार त्या डबीत. आता इथे एक सांगायला हवं. लहानपणी ज्येष्ठमधाची एक काडी घरात आली की ती आम्ही दोघं वाटून चघळायचो. मोडायची नाही. थोडी तिने, थोडी मी, परत तिने. मोडली की चव जाते, असं तिनेच मला सांगितलं होतं. ती सवय आम्हा दोघांची सत्तरीपर्यंत सुटली नव्हती.

तिने काडी मला दिली. मी चघळली. परत तिला दिली.

तिने ती तोंडात घातली.

दुधाच्या पिशव्यांना साबण लावणारा माणूस मी! शेजारी बसून बघत होतो. हात पुढे करून काडी काढून घ्यावी असं एक क्षण वाटलं. पण मग कारण सांगावं लागलं असतं. मी बाहेर बघितलं आणि म्हटलं, "ऊन फार झालंय. रस पिऊ या." उतरल्यावर तिला बळेच उसाचा रस पाजला, बर्फ घालून. ती नको म्हणत होती, गाण्याआधी ती गार काही घेत नसे. मी म्हटलं, "एका ग्लासाने काय होतंय?"

हळदीच्या दिवशी खरवईच्या मांडवात सकाळपासून एकेक विकेट पडायला लागली. आचारी आडवा झाला. डीजेवाल्याने माइक हातात घेतला, "हॅलो, चेक" म्हणाला आणि असा शिंकला की अर्ध्या खरवईला ती शिंक ऐकू गेली. नवरदेव अंगात ताप घेऊन पाटावर बसला. थरथरत होता. बायका म्हणाल्या, "लाजतोय!"

तेवढ्यात अंबरनाथहून व्याह्यांचा फोन. "व्याही, इकडे मुलीला ताप आहे. परवा तुम्ही येऊन गेलात. तुमच्याकडून काही..."

"माझी तपासणी झालीय! पट्टी आहे माझ्याजवळ!" मी ओरडलो. पट्टी आता रेशनकार्डासारखी मळली होती. मी मांडवभर ती दाखवत फिरत होतो. कुणी शिंकलं की दाखवायचो, कुणी न शिंकताच नुसतं बघितलं तरी दाखवायचो. "बर्फाने झालं," मी सगळ्यांना सांगितलं. "त्या कॅम्पातल्या रसाचा बर्फ." ज्यांनी आयुष्यात तो रस प्यायला नव्हता, तेही मान डोलवत होते.

मग आक्का उभी राहिली.

नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात हळदीची वाटी. मांडव आपोआप गप्प झाला. दोन वर्षांनी सगळे तिला ऐकणार होते. नितीन थरथरतच हसला. तिने डोळे मिटले, गणपतीचा पहिला धवला उचलला आणि दुसऱ्या ओळीला तिचा आवाज गेला.

फाटला नाही. चिरकला नाही. नुसता गेला. ओठ हलत होते, आत काही नव्हतं. तिने पाणी घेतलं. परत सुरू केलं. परत गेला. मग खोकल्याची अशी उबळ आली की वाटीतली हळद तिच्याच लुगड्यावर सांडली. झील धरणाऱ्या बाईने पुढे ढकलायचा प्रयत्न केला, पण तिला अर्धंच येत होतं. कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, काय झालं धवलारणीला?"

आणि मी बोललो. हेच सांगण्यासाठी मी एवढं लिहितोय. बाकीचं हसण्यावारी नेता येतं, हे नेता येत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता कुणीतरी विचारणार, कोरोना नाही तर मग तुला झालंय काय? मी म्हटलं, "वय झालं आता. दोन वर्षं गायली नाही, गळ्याला गंज चढला."

लोक हसले. वाईट मनाने नाही. मांडवात लोक हसतात तसेच. मग डीजेवाल्याने नाक पुसलं, पेन ड्राइव्ह लावला आणि हळद पार पडली.

आक्काने ते ऐकलं होतं. ती कोपऱ्यात बसून लुगड्यावरची हळद झटकत होती. हळद जात नव्हती.

लग्न लागलं. (मंगलाष्टकांत नवरा-नवरी आळीपाळीने शिंकत होते, भटजींनी तीन कडवी गाळली.) आठवड्याभरात सगळे उठले. आक्काचा ताप मात्र छातीत उतरला, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून ती आली, आवाजही हळूहळू आला. पण तोवर गावात माझं वाक्य फिरून झालं होतं. पुढच्या लग्नात पेन ड्राइव्ह होता. त्याच्या पुढच्याही. तिला विचारायला फारसं कुणी आलं नाही, आणि एखादं आलं तेव्हा तीच म्हणाली, "गंज चरलाय र बाबा. वसंता बोलला ना."

मी नारळ घेऊन भेटायला गेलो होतो. तिने ती डबी माझ्या हातात ठेवली. "तू ठेव. तुजा गला धरतो सारखा. मना आता कशाला?"

मी डबी घेतली. वर चहाही प्यायलो.

त्यानंतर मी खूपदा जायचं ठरवलं. गौरीला गेलो, तर घरात वीस बाया. भाऊबीजेला गेलो, तर ओवाळणीच्या ताटात पाकीट टाकून परत आलो. एकदा सुरुवातही केली, "आक्का, ते हळदीच्या वेळी..." तर तीच माझी समजूत घालायला लागली. "नको र मनाला लावून घेऊस. तू रस पाजलास तो मायेनंच."

मायेनं! मी घरी येऊन जेवलो नाही. सुमन म्हणाली, "सांगून टाका हो एकदा. तिच्यासाठी नाही तर माझ्या झोपेसाठी."

या थंडीत शेवटी मी नक्की केलं. वाक्य पाठ केलं. डबी घासून खिशात टाकली. आणि निघायच्या सकाळी मला शिंका आल्या!

तोच नाकाचा रंग, तीच हुडहुडी. सुमन दारात आडवी उभी राहिली. "आता जाऊ नका. एकदा केलंत ते पुरे झालं." या वेळी मी शहाण्यासारखा वागलो. मास्क लावला, वेगळ्या खोलीत बसलो. आक्काला फोन केला.

"बरं वाटलं की येतो. एक बोलायचंय."

"बोल की."

"फोनवर नको. समोर बोलतो."

"ये मग. आनि येताना ती डबी आन. नितीनच्या पोरीचा बारसा हाय ना, बघते गला लागतो क."

माझा ताप उतरायच्या आदल्या पहाटे ती झोपेतच गेली. तापाने नाही, खोकल्याने नाही. वयाने. या वेळी खरंच वयाने.

मी मास्क लावून खरवईला गेलो. लोक म्हणाले, "बघा, या वयात किती काळजी घेतो माणूस." आयुष्यात पहिल्यांदा मी सर्दी झाली म्हणून घरी थांबलो होतो, आणि त्यासाठी नेमका तोच आठवडा निवडला होता.

पाठ केलेलं वाक्य अजून तसंच आहे. जेमतेम सहा शब्दांचं. आक्का, गंज नव्हता गं. मी होतो.