तांदूळ शिजेपर्यंत

समस्त वाचकवर्गास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की आज सकाळी ठीक सूर्योदयाच्या सुमारास आमच्या न्हाणीघरात लाल कार्बोलिक साबणाची एक नवी कोरी वडी दाखल झाली असून, तिच्या आगमनाने शिकेकाई आणि उटण्याची अनेक वर्षांची सत्ता संपुष्टात आली आहे. घरच्या मंडळींनी नाकाला पदर लावून निषेध नोंदवला. मी मात्र ती वडी नाकाशी धरून पाटावर बसून राहिलो, पाणी निवून गेलं तरी. या वयात माणूस न्हाणीघरात एवढा वेळ करतो काय, अशी शंका दाराबाहेर मोठ्याने व्यक्त झाली. काय सांगणार? त्या उग्र, डांबराच्या भावकीतल्या वासात मला मढ गावच्या वाटेवरची बैलगाडी दिसत होती, आणि तिच्यात छत्री उघडून ताठ बसलेल्या डॉक्टरीणबाई.

तेव्हा मी जुन्नर तालुक्यात देवी टोचायच्या नोकरीवर होतो. तिशीतला गडी, भारदस्त मिशा, डोईला पागोटं, हातात लशीची पेटी. माझा दरारा असा, की मी गावाच्या एका टोकाने शिरलो की दुसऱ्या टोकाने आया पोरं काखेत मारून रानात पसार होत. अख्खं गाव रिकामं करायची ही ताकद त्या काळी प्लेगखालोखाल माझ्यातच होती. म्हणूनच की काय, पुण्याहून आलेल्या या बाईंना वाट दाखवायला वरून माझी नेमणूक झाली.

बाईंना एकच गोष्ट शोधून काढायची होती. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात बाळंतिणी आणि नुकती जन्मलेली पोरं इतकी का जातात? आधी गावोगावची जन्ममृत्यूची बुकं पाहिली, तर तिथे सगळा आनंदीआनंद. कोणी मरतच नव्हतं! ओतूरच्या पलीकडचे एक पाटील तर आमच्याच अडाणीपणाला हसले. म्हणाले, "बारशाआदी गेलेलं पोर लिवायचं कंच्या नावानं, बाई?" ज्याला नाव नाही तो जन्मलाच नाही, आणि जन्मलाच नाही तो मरेल कसा? बाई जुन्नरात परतल्या, तिथल्या कागद बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कागद्याकडून हातकागदाचा गठ्ठा घेतला. तो कागदी मोठा गोड माणूस. एकेक ताव उन्हाकडे धरून दाखवत म्हणाला, "बाई, बेफिकीर लिखो. हमारे कागद को दीमक नै लगती." मग आम्ही घरोघर निघालो, बुकात नसलेली पोरं मोजायला.

आता आमची गंमत ऐका. पाचवीच्या पूजेला आपल्याकडे बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि पोराचं नशीब लिहून जाते. आणि इथे पाचव्या-सहाव्या दिवशी खरोखरच एक अनोळखी बाई, कपाळाला कुंकू नाही, हातात कागद, हातात लेखणी, दारात उभी! बाई मुद्दाम आजारी पोरांच्याच घरी जास्त जायच्या, आणि आजारी पोरं जायचीच. डोंगरात बातमी आमच्या बैलांच्या पुढे धावू लागली : "ती लिवती आन् पोर जातं." दारं धडाधड बंद. गाव रिकामं करण्याचा माझा मान बाईंनी आठवड्याभरात हिरावून घेतला. मी त्यांना तसं म्हणालोही. त्या हसल्या, पण त्या दिवसापासून त्यांनी कुणासमोर लेखणी काढली नाही. ऐकलेलं सगळं मनात धरून गाडीत येत आणि बैलांच्या हेलकाव्यात लिहीत. ती अक्षरं पाहिली असती तर त्यांच्या शाळामास्तरांनी प्राण सोडला असता.

मढला एका घरची सून पोटुशी होती. तीन खेपा झालेल्या, मांडीवर एक नाही. तिन्ही पोरं आठवडा-दीड आठवड्यात दूध तोडून, ताठ होऊन गेलेली. चौथंही गेलं तर सासरचे दुसरी बायको आणणार होते, आणि हे ती बैल बदलायचा आहे अशा आवाजात सांगायची. भात निवडता निवडता म्हणाली, "तिघांची बाळुती तशीच हायेत. नवी शिवली न्हाईत मी."

गावची सुईण म्हातारी, काटक, तोंडाची फटकळ. मला पाहताच, "या टोच्याभाऊ, आज कुनाचा दंड?" असं स्वागत. बाईंकडे तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, इचारता लई. तुमास्नी किती?"

"एक होतं."

"व्हतं?"

"गेलं, आजी."

"कितव्या दिशी?"

"आठव्या."

म्हातारी बसल्या जागी सरकली आणि गोणपाटाचं अर्धं टोक बाईंसाठी मोकळं केलं. पुण्याचं ज्ञान आणि मढचं ज्ञान एका गोणपाटावर बसलेलं मी प्रथमच पाहिलं. बाईंनी विचारलं, नाळ कशाने कापता? इळ्यानं. वर काय लावता? शेणीची राख. बाईंनी आपल्या कातड्याच्या पिशवीतून एक नवी कात्री काढली आणि तिच्या हातात दिली. इळा नको, राख नको. कात्री आणि दोरा उकळत्या पाण्यात ठेवायचे, तांदूळ शिजायला लागतो तेवढा वेळ. हात या असल्याच लाल साबणाने धुवायचे. म्हातारीने धडा पाठ म्हणून दाखवला, एकदा नव्हे, तीनदा. मी टाळी वाजवली. "तुमी गप बसा वो टोच्याभाऊ," ती म्हणाली, पण खूश होती.

दिवस भरायला अवकाश होता, म्हणून आम्ही आंबेगावाकडच्या गावांना निघून गेलो. परतलो तेव्हा कळलं, ती लवकर मोकळी झाली होती. मुलगा. सहावा दिवस. मी गाडीतून उडी मारून पुढे धावलो, नाटकातल्या दूतासारखा. बाई मागून आल्या, बाळाच्या तोंडाशी बोट नेलं, आणि तिथेच थांबल्या. ओठ घट्ट मिटलेले होते, धनुर्वाताची पहिली खूण. दोन दिवसांपासून दूध ओढत नव्हता.

"आजी, कसं कसं केलंत, सांगा," बाई म्हणाल्या.

म्हातारीने अभिमानाने सगळं सांगितलं. कातर उकळली. बरोबर तांदूळ शिजवून पाहिला शेजारच्या चुलीवर, मगच काढली. राख लावली नाही. हात धुतले. "पर चामड्याच्या पिशवीतली कातर ती. तशीच सटवाईच्या लेकराला कशी लावायची? म्हून मंग शेनानं चांगली घासली, वर गोमूत्र शिपडलं, आन् मंग कापली."

आम्ही उकळायला शिकवलं होतं. उकळल्यावर काय करायचं नाही, हे शिकवलं नव्हतं. आपल्याला जे ठाऊक असतं ते आपण घसा फोडून सांगतो. समोरच्याला काय ठाऊक आहे, ते विचारायचं मात्र राहून जातं. पोर आठव्या दिवशी दुपारी गेलं. आई रडली नाही. धुऊन वाळत घातलेली बाळुती तिने ओलीच घडी घालून ठेवली.

बाईंचे कागद पुढे कुठल्याशा कचेरीत गेले. वाळवी लागली नसेल, कागद्याचा शब्द होता. पण ते कुणी उघडले असतील असंही मला वाटत नाही. त्यानंतर मी पुष्कळ वर्षं तो डोंगर तुडवला. दारं उघडली, मिशा पिकल्या, लशीची पेटी बदलली. इळे तेच होते. काळ माणसाला शहाणं करतो म्हणतात. माझ्या पाहण्यात तो फक्त दमवतो.

निघायच्या सकाळी बाई सुईणीच्या घरी गेल्या. मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी त्या सुरकुतलेल्या हातांकडे पाहिलं, तीन वेळा तोंड उघडलं, आणि सांगितलं नाही. या हातांनीच गेलं, असं त्या म्हातारीला कसं म्हणायचं? कोनाड्यात कात्री ठेवली होती, हळदकुंकू वाहिलेली. बाईंनी ती उचलली, गुपचूप पिशवीत टाकली आणि गाडीत येऊन बसल्या. गाडी वेशीपाशी पोचली तोच मागून धापा टाकत, लुगड्याचा ओचा सावरत म्हातारी धावत आली. तिने चाकाचा आरा दोन्ही हातांनी धरला आणि ओरडली, "बाई, कातर न्हेऊ नका की वो! म्होरल्या म्हैन्यात अजून तिघी मोकळ्या व्हायच्यात!"