उठा म्हणणारी माणसं

वच्छलाबाईला कुणी 'उठा' म्हटलेलं खपत नाही. पंगतीत कुणी नुसतं म्हणालं, की बाई, जरा उठता का, लेकरांना बसू द्या, तरी तिच्या कपाळाला आठी पडते. वस्तीतले लोक म्हणतात, बाई तिरसट आहे. असेल बापडी! पण जिचं अख्खं गाव एकदा उठवलं गेलं, तिला आधी विचारून बघा आणि मग तिला नावं ठेवा.

तिचं गाव वैनगंगेच्या काठाला होतं. धरणाचं पाणी चढणार म्हणून नोटिसा आल्या, तेव्हा अर्धं गाव हटून बसलं. वच्छलाबाईचा नवरा तेजराम पडला शाळामास्तर, सरकारी कागदाला मान देणारा माणूस. पहिल्याच ट्रकात यांचं सामान चढलं. सासू चढेना. तिच्या दंडाला धरून तिला वर चढवली ती वच्छलाबाईनंच. नव्या वस्तीत रस्ते सरळ होते, घरंही एकासारखी एक होती, आणि म्हातारी रोज सकाळी ओट्यावर येऊन विचारायची, "नदी कोनीकडं हाय व, वच्छले?" वर्षभरात ती गेली. त्याला आता पंधरा वर्षं होतील. आपण बसून राहायला पाहिजे होतं, असं म्हणून वच्छलाबाई अजून स्वतःला खाते.

हे सगळं सांगायचं ते हान्नापायी. हान्ना ही युक्रेनमधली म्हातारी. वच्छलाबाईची पोरगी रीना डॉक्टरकी शिकायला तिकडं खारकीवला होती, ती हान्नाच्या तिथल्या भाड्याच्या घरात खोली घेऊन राहायची. रशियानं लढाई सुरू केली तेव्हा म्हातारीनं रीनाला नऊ दिवस तळघरात सांभाळलं, आपल्या वाटचा पाव तिला चारला आणि शेवटी स्टेशनवरच्या गर्दीत कोपरं मारत मारत तिला गाडीत कोंबलं. पोर सुखरूप घरी आली. म्हातारी मात्र सरहद्दीजवळच्या आपल्या खेड्यात जाऊन राहिली, कारण तिचं स्वतःचं घर तिथं होतं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल. मध्ये रीना दुभाषी. पण खरं सांगायचं तर या दोघींना दुभाष्याची गरज अशी फार नव्हती. हान्ना तिकडून बटाटे दाखवायची, ही इकडून धानाचे पऱ्हे, लावणीची हिरवी रोपं, दाखवायची. ती बर्फ दाखवून कुडकुडायची, ही कपाळावरचा घाम निपटून दाखवायची, आणि दोघी पोट धरून हसायच्या. एकदा तर वच्छलाबाई फोन घेऊन थेट नदीवर गेली. पसरलेल्या पाण्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "ते पाह्य, तिथं, तळाशी माहं घर हाय." रीनानं सांगायच्या आधीच हान्नानं तोंडावर हात धरला होता.

तेजराम मास्तरांनी भिंतीवर नकाशा लावला होता. ते म्हणायचे, "युक्रेन बी काही लहान नाही. आपल्या महाराष्ट्राच्या दुप्पट भरते. पन रशियाच्या बाजूला ठेवलं तं केवढंसं दिसते!"

"काहून जी," वच्छलाबाईनं विचारलं, "येवढं मोठं असून त्या रशियाचं पोट भरत नाही?"

 मास्तरांनी नकाशाची सुटलेली टाचणी पुन्हा दाबून बसवली.

दोन वर्षं अशी गेली. मग एका उन्हाळ्यात रीना फोन हातात घेऊन धावतच स्वयंपाकघरात आली. "आई, तिच्या गावाजवळ रशियाची फौज येऊन राहिली! लोकाइले काढाले बस पाठवल्या हायेत. हे बुढी निंघत नाही. तू सांग तिले. तुह्यं ऐकन ते."

वच्छलाबाईनं हात पुसले. फोनमध्ये हान्ना होती, डोक्याला रुमाल, मागं तिची निळी खिडकी. काय सांगायला पाहिजे ते वच्छलाबाईला काय कळत नव्हतं? कळत होतं की! निघ माय, जीव वाचव, एवढंच. पण तोंडातून ते निघेना. तिच्या हाताला ट्रकापाशी धरलेला सासूचा दंड लागला, आणि ती बोलून गेली, "हान्ना, नोको उठू. कोनी कितीबी म्हनू दे. मी उठली, तं आजवर जीव कुठी लागला नाही. तुह्यं घर हाय ते. बस तिथं."

रीना आईकडे बघतच राहिली. मग फोनकडे तोंड करून तिकडच्या भाषेत बराच वेळ बोलली. हान्ना ऐकत होती. तिनं वच्छलाबाईकडे पाहिलं, हसली, दोन शब्द बोलली आणि हात हलवला. वच्छलाबाईचा ऊर भरून आला. जगात एका तरी माणसाला आपण खरं ते सांगितलं, असं तिला वाटलं.

तो शेवटचा फोन. पुढच्या रविवारी लागला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मास्तरांनी पेपरात वाचलं, की त्या भागातली काही गावं रशियानं घेतली, काही नुसती मोडून पडली. हान्नाच्या गावाचं नाव पेपरात नव्हतं. एवढ्याशा गावाचं नाव कोण छापतो?

वच्छलाबाईचं अन्न तुटलं. रोवणीला, धानाची रोपं लावायला, बांधीतल्या चिखलात उतरली तरी तिची ओळ वाकडी जायची. विहारात मेणबत्ती लावायची आणि भिंतीला टेकून बसून राहायची.

मास्तर म्हणायचे, "अवो, दोन देशाइची लढाई हाय. तू काय करनार?"

"तुमी तं बोलूच नका!" ती फाडकन म्हणायची. "पह्यल्या ट्रकात बसवनारे तुमीच."

दिवाळीच्या सुमाराला एका दुपारी रीना परीक्षेचा अभ्यास करत होती. वच्छलाबाई तिच्यापुढं मटकन बसली.

"रीने, मीच मारलं व तिले. जा म्हनलं असतं तं वाचली असती."

रीनानं पुस्तक मिटलं.  "आई, तू म्हनलं ते मी तिले सांगतलंच नाही."

"म्हंजे?"

"मी सांगतलं, माही आई हात जोडून म्हनते, निंघ. आताच्या आता निंघ."

वच्छलाबाईनं छातीवर हात ठेवला. सहा महिन्यांनी तिला पुरता श्वास आला. "मंग? मंग काहून नाही निंघाली?"

"बस सकाळीच निंघून गेलती, आई. फोनच्या आधी. बसमधल्या एका बाईनं मले मागून कळवलं. ते चढली नाही." रीना रडायला लागली. "आपन काहीबी म्हनलं असतं, तरी काही होनार नव्हतं."

वच्छलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग हळूच तिनं विचारलं, "ते हसली, दोन शब्द बोलली. ते काय होतं?"

रीना सांगेना. वच्छलाबाईनं तिचं मनगट धरलं, तेव्हा ती बोलली. "म्हने, तुह्या आईले तरी समजन, असं वाटलं होतं."

वच्छलाबाई ताडकन उभी राहिली. "फोन लाव."

"आई, लागत नाही ना आता तो..."

"लाव म्हनते ना! तिले सांग, मी उठ म्हनलं नाही. वच्छलानं नाही म्हनलं, सांग."

रीनानं फोन लावला. मग पुन्हा लावला.