अमरातचा सलामीवीर

मस्कतहून निघून, वादी अदाईचा चढ मागे टाकून गाडी अमरातकडे उतरली, की थोड्याच वेळात करपलेल्या भाकरीच्या रंगाच्या डोंगरांमध्ये क्रिकेटचं मैदान दिसू लागतं. इतकी हिरवाई या उजाड, शुष्क भूमीत डोळ्यांना जवळजवळ टोचते. एरवी ती पाहून मन निवतं. गेल्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी दुपारी मात्र मी ती धड पाहिलीही नाही. माझा एक पेशंट तिथे बॅटिंगला उतरणार होता, आणि त्यानं उतरू नये असं मी त्याला निक्षून सांगितलं होतं.

त्याचं नाव डंकन. त्याची हरकत नाही, म्हणूनच हे लिहिते आहे. मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या आमच्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. डोक्याला मार लागून ज्यांचा तोल जातो, अशी माणसं माझ्याकडे येतात. डंकन टॅक्सीनं यायचा. मस्कतमध्ये ज्याला-त्याला स्वतःची गाडी. पण इथल्या प्रत्येक राउंडअबाउटच्या गोल वळणावर मान वळवली की याच्या डोक्यात सगळं शहर गरगरायचं. एकेकाळी तो ऑस्ट्रेलियाचा सलामीचा फलंदाज होता, हे मला ठाऊकच नव्हतं. घुब्रा भागातल्या आमच्या घरी माझ्या नवऱ्याला, सतीशला, त्याचा फोटो दाखवला तर तो थक्क झाला. “अगं, याची बॅटिंग बघायला मी पहाटे उठून बसायचो.”

उपचारांच्या त्या संथ, कंटाळवाण्या तासांत डंकनचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. क्षितिजापर्यंत गहूच गहू असलेल्या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका गावात तो वाढला. पत्र्याच्या शेडवर चेंडू मारायचा, आणि तो परतून येईल तसा खेळायचा. एवढीच त्याची शाळा. तिकडे क्रिकेटचा मोसम आणि गव्हाची कापणी एकाच वेळी येते. त्यामुळे मुलगा देशाकडून खेळू लागला तरी बाप शेतातच राहिला. डंकनची संयमी, चिवट शतकं सगळ्या देशानं पाहिली. बापानं एकही पाहिलं नाही.

मग एका सामन्यात उसळता चेंडू हेल्मेटवर, कानामागे आदळला. तो कोसळला, उठला, डॉक्टरांना ‘मी ठीक आहे’ म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत खेळत राहिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याच्या धैर्याचे गोडवे होते. “त्या संध्याकाळचं मला काहीही आठवत नाही, डॉक्टर,” तो मला म्हणाला होता, “आणि हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.” त्यानंतर मान झटकन वळवली की चेंडू दोन दिसायचे. धावा आटल्या, संघातली जागा गेली. हा वेगाला घाबरतो, असं लोक म्हणाले. त्यानं ते निमूट ऐकून घेतलं. माणूस दुर्बल म्हणवून घ्यायला इतका का भितो, की भित्रा ठरणंही त्याला चालतं?

पुढे प्रशिक्षक म्हणून तो मस्कतला आला. आता शेत विकलेले, थकलेले वडील त्याला भेटायला येणार होते, आणि त्याच शुक्रवारी हा मैत्रीपूर्ण सामना होता.

“खेळू नका,” मी म्हटलं.

“फक्त थोडा वेळ. त्यांना मला एकदा खेळताना बघू दे.”

“पुन्हा मार लागला तर काय होईल, याची खात्री मी देऊ शकत नाही.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “तुम्ही मात्र या.”

म्हणून मी सतीशला घेऊन तिथे आले होते. वडील माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. रुंद पंजे, उन्हानं भाजलेली मान, गुडघ्यावर ठेवलेली टोपी. मी कोण, हे डंकननं त्यांना सांगितलेलं नव्हतं, आणि ते मी सांगणंही योग्य नव्हतं.

पहिले काही चेंडू त्यानं शांतपणे तटवले. एक चेंडू कव्हरमधून असा गेला, की सतीशच्या तोंडून नकळत ‘वा’ निघालं. वडील मात्र हलले नाहीत. मग एक उंचापुरा, तरुण गोलंदाज चेंडू घेऊन लांब चालत गेला. तो वळला आणि धावू लागला.

चेंडू आखूड पडला. डंकननं डोकं खाली घेतलं. चेंडू हेल्मेटवरून निघून गेला. पण वाकलेला डंकन सरळ होईना. एक पाय बाजूला गेला, बॅट जमिनीवर टेकली गेली. सगळ्यांना वाटलं, घसरला असेल. मी उठून उभी राहिले. वडीलही उठले होते.

“त्याला बरं नाही,” ते पुटपुटले. “हो ना?”

मैदानात डंकननं हात उंचावून ‘ठीक आहे’ अशी खूण केली आणि पुन्हा पवित्रा घेतला. तीच खूण असेल का ती, जिच्यावर त्या दिवशी सगळ्या देशानं विश्वास ठेवला होता? गोलंदाज पुन्हा लांब चालत गेला. वळला. धावत निम्म्यावर आला.

आणि डंकन यष्ट्यांपासून बाजूला झाला. त्यानं हेल्मेट काढलं, पंचांना काहीतरी सांगितलं आणि आमच्या दिशेनं, पावलं जपून टाकत, निघाला. सीमारेषेशी पोहोचल्यावर वडिलांकडे न बघताच म्हणाला, “बाबा, मला जमत नाहीये. तेव्हाही जमत नव्हतं.”

म्हाताऱ्यानं त्याच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं. मग म्हणाला, “त्या दिवशी मी कापणीच्या मशीनवर होतो. रेडिओवर ऐकलं, तू पडलास. मशीन बंद केलं. मग तो रेडिओवरचा माणूस सांगायला लागला, तू उठलास, पुन्हा खेळतोयस. मागे लोकांचा नुसता जल्लोष. आणि मी एकटा शेतात बसून म्हणत होतो, बाहेर ये, पोरा. कुणीतरी त्याला बाहेर आणा.”

डंकनच्या खांद्यांतून काहीतरी निसटल्यासारखं झालं. मी पुढे होऊन त्याला खुर्चीत बसवलं, नजर एका जागी स्थिर ठेवायला सांगितली. त्यानं ती वडिलांच्या चेहऱ्यावर ठेवली.

लोकांनी शिष्टाचाराच्या टाळ्या वाजवल्या. त्या लगेच विरल्या. नवा फलंदाज आत गेला, खेळ सुरू झाला. पाठलाग, धावा, आरडाओरडा सगळं पूर्ववत. कुणाला कळलंही नाही, की त्या दुपारची सगळ्यांत अवघड खेळी संपली आहे. वडिलांनी मुलाचे ग्लोव्हज एकेक करून काढले, पॅडचे पट्टे सोडवले. मग खुर्ची त्याच्या अगदी जवळ ओढून, त्याचा घामेजलेला हात आपल्या रुंद पंजात धरून, ते दुसऱ्याच कुणाची तरी बॅटिंग बघत बसले.