ओक काकांचं मत

ओक ग्वांगसू खोटं बोलायला लागले की त्यांची मान लाल व्हायची. बायको म्हणायची, "तुम्ही दुकान टाकलं असतंत तर आपण उपाशी मेलो असतो." एकोणीस वर्षं त्यांनी कोरियातल्या सोल ते कांगनुंग रस्त्यावर घाटातली बस चालवली. पाठीने दगा दिला तेव्हा ते एका लहानशा संगीत कंपनीत व्हॅन चालवायला लागले. व्हॅनमध्ये बसायच्या चार पोरी. गायच्या, नाचायच्या. ग्रुपचं नाव मुलबित.

सात वर्षांत पोरींनी एक रीत पाडली होती. नवं गाणं टीव्हीच्या स्टेजवर झालं, की गाडीत बसताच विचारायचं, "काका, कसं झालं?" बाकीचे सगळे टाळ्याच वाजवायचे, म्हणून काकांना. एकदा ते म्हणाले होते, "वॉशिंग मशीनमध्ये चमचा अडकल्यासारखं वाटलं." ते गाणं दहा दिवसांत आपटलं. तेव्हापासून मॅनेजर प्यो काकांना जरा दबकूनच असायचा.

या वेळची गोष्ट निराळी होती. अडीच वर्षांनी मुलबित परत येत होती आणि करार संपायला चारच महिने उरले होते. गाणं चाललं तर ठीक, नाहीतर चौघी चार दिशांना. सकाळी चित्रीकरणाआधी प्योने काकांना बाजूला घेतलं.

"काका, आज पोरींनी विचारलं तर नुसतं 'छान' म्हणा. एवढी कृपा करा माझ्यावर."

काका 'हो' म्हणाले, पण बारा दिवसांपासून ते एक गोष्ट बघत होते. सोदाम, चौघींत सगळ्यात चांगली नाचणारी, हल्ली गाडीत चढताना दांडा घट्ट धरून स्वतःला ओढून घ्यायची. उतरताना कोणी बघत नाहीये ना, एवढं पाहून मग उजवा पाय हळूच टेकवायची. जन्मभर आरशातून लोकांची चढउतार पाहिलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? उजवा गुडघा गेला होता. पण बोलायचं कुणाला? आपण पडलो ड्रायव्हर. शिवाय बोललो आणि सगळंच थांबलं, तर सात वर्षांच्या कष्टांवर पाणी कोण फिरवणार? आपणच.

स्टुडिओच्या बोळातल्या टीव्हीवर त्यांनी गाणं पाहिलं. सुरुवात ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. थोरली हाजोंग इतकी मोकळी कधी गायलीच नव्हती. पण मध्यावर उडीची जागा आली आणि काकांनी चक्क भिंतीकडे तोंड केलं.

गाडीत बसल्यावर धाकटी युल मोबाइलवरून प्रेक्षकांची मतं वाचायला लागली. "'डोळ्यांत पाणी आलं.' बरं. 'अडीच वर्षं थांबलो ते यासाठी?' हं. 'गाणं सुरेख, पण दुसऱ्या अर्ध्यात जीव नाही.' ही तर सगळी निम्मी-निम्मीच आहेत गं!"

"ठेव तो फोन," हाजोंग म्हणाली. "काका, तुम्ही सांगा. कसं झालं?"

"छान झालं."

मागून युल हळूच म्हणाली, "मान बघा त्यांची."

"काका!" हाजोंगचा आवाज चिरकला. "इतकं वाईट झालं का?"

"वाईट नाही गं बाई. तू गायलीस तसं मी सात वर्षांत ऐकलं नव्हतं. पण मधल्या उडीनंतर..." आरशात सोदाम मान हलवत होती. नाही, नाही. "उडीनंतर माझं लक्ष लागलं नाही, एवढंच."

जेवायला सगळे सूपभाताच्या खानावळीत शिरले. काकांनी सोदामला दारातच अडवलं. "गुडघा ना?"

"पाच दिवस, काका. पाच दिवस फक्त. मग दाखवते डॉक्टरला."

"संध्याकाळपर्यंत तू हाजोंगला सांग. नाहीतर मी सांगतो."

सोदाम इतकी हळू बोलायची की एरवी दोनदा विचारावं लागायचं. या वेळी नाही लागलं. "तुमचं काम गाडी चालवायचं आहे. ती चालवा."

काकांनी सूप मागवलं आणि चमचा तसाच धरून बसले. एवढ्यात प्यो फोन मिरवत आला. चारला नदीकाठी उघड्यावरचा कार्यक्रम ठरला होता. तीन गाणी, तीनही नाचाची. टाळ्या पडल्या. सोदामनेही वाजवल्या.

सगळे गाडीत बसले. काकांनी किल्ली लावली नाही, खिशात टाकली.

"काका, उशीर होतोय," प्यो म्हणाला.

"सोदामचा गुडघा गेलाय. दवाखान्यात जायचं असेल तर गाडी निघेल. नदीवर मी नेणार नाही. दुसरा ड्रायव्हर बोलवा."

प्यो ओरडला. युल रडायला लागली. हाजोंग मागे वळली आणि तिने सोदामच्या उजव्या गुडघ्यावर नुसता हात ठेवला. सोदाम कळवळली.

गुडघ्यातली गादी निम्मी फाटली होती. डॉक्टर म्हणाले, अशाच उड्या चालू राहिल्या असत्या तर पुढचं सांगता आलं नसतं. पुढचे तीन आठवडे तिघीच नाचल्या. सोदाम कडेला उंच स्टुलावर बसून गायची. गाणं अकराव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि उतरलं. कोणी म्हणालं, स्टुलावरच्या मुलीने रडवलं. कोणी म्हणालं, हे काय आजारी माणसांचं संमेलन आहे का? करार एकाच वर्षाने वाढला, तोही हाताखालची माणसं कमी करून. प्योने दुसरी कंपनी धरली. जाताना तो काकांना म्हणाला, "तुम्ही बरोबर होता का चूक, मला अजून कळत नाही." काका म्हणाले, "मलाही नाही."

सोदाम मात्र त्यांच्याशी बोलेना. "नमस्कार" आणि "येते", बस. काका ते सोसत राहिले. घरी बायकोने विचारलं, पुन्हा तशी वेळ आली तर? त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

शरद ऋतूत सोदाम केस आखूड कापून पुन्हा नाचणार होती. एका लहान शहरातला सोहळा, मोकळ्या मैदानात. गाडीतून उतरताना तिने दांड्याला हातही लावला नाही. दोन पावलं गेली, मागे वळली.

"आज बघणार ना काका?"

"बघतो की."

मान तापलेली त्यांची त्यांनाच कळली. संगीत सुरू झालं तेव्हा ते वाहनतळावर होते. दोन बसगाड्यांच्या मधून इकडून तिकडे फेऱ्या मारत राहिले. गाणं संपून टाळ्या उठल्या तेव्हा मैदानाकडून येणाऱ्या एका अनोळखी ड्रायव्हरचा त्यांनी दंड धरला.

"ती केस कापलेली पोरगी... पडली नाही ना?"

"कुठली पोरगी?" तो म्हणाला. "चौघीही उभ्या होत्या."