ताप भाऊजींना नव्हता, घराला होता

भाऊजींचा हात कायम बटणावर. कुठल्याही. तुम्ही खोलीतनं पाय बाहेर टाकला की पाठीमागं टक, दिवा गेला. एकदा मी बाथरूममध्ये लेकीला, चिऊला, धुवत असतानाच टक, मी अंधारात किंचाळले, तर बाहेरनं म्हणतात, "अगं, आवाज द्यायचा ना!" आता आत बसून काय मी भजनं म्हणू?

हे माझे मोठे दीर, मूळचे पुण्याचे, इकडे परदेशात सँट्री गावच्या कंपनीत मोठे इंजिनियर, घर मात्र लांब पोर्टलीशला घेतलेलं आणि लॉकडाऊनपासून घरनंच काम. आम्ही त्यांच्याकडेच राहायचो. आमचे हे हॉस्पिटलात नर्स, दिवसभर बाहेर, मी दहावी नापास, इंग्रजी येत नाही, आणि कडेवर चिऊ, वर्षाची पण नाही, जरा गारठा लागला की छाती घरघरायची. मला सारखी एकच भीती, ह्या थंडीत पोर माझ्या हाती लागते की नाही.

घर तापवायला मागच्या अंगणात तेलाचा जुना बॉयलर होता. थरथरायचा, रॉकेलसारखा वास सोडायचा, पण तापायचा बिचारा. भाऊजींना तो डोळ्यासमोर नको. "धूर ओकतोय नुसता," म्हणायचे, जसं काय मीच ओकतेय. अख्खा उन्हाळा शोधाशोध चालली. लाकडाच्या गोळ्यांचा नको, राख कोण काढणार. गॅसचा नको, तोही धूरच. शेवटी हीट पंप. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत सोडतो म्हणे. मी भीत भीत विचारलं, "भाऊजी, बाहेर एवढी गार हवा, तिच्यात ऊब कुठली? चिऊ आहे घरात." तर म्हणे, "सविता, तुला फिजिक्स कळायचं नाही." बरं बाबा, नाही कळत.

ऊब धरून ठेवायला भिंतींत कापसासारखं काहीतरी भरलं, मशीन बसलं. बसवणारा जाताना हातवारे करून परत परत सांगून गेला, हे बंद करायचं नाही, मंद मंद चालूच ठेवायचं, मग सगळं ग्रँड, म्हणजे झकास. भाऊजींनी मान हलवली. दार लागलं आणि म्हणतात, "ह्या लोकांना वीज उधळायची सवयच. आपण गीझरसारखं वापरायचं. लावा, काम झालं की बंद." टक.

झालं! फिजिक्सवाल्यानं पंपाचा गीझर केला. भिंतीवरचे रेडिएटर जरा कोमट झाले की टक. "बटण चालू ठेवणं म्हणजे नळ सोडून झोपणं!" घराचा फ्रीज झाला. स्वतः कानाला मफलर, मांडीवर शाल, आणि मीटिंगमध्ये ऐटीत सांगायचे, "वुई हॅव गॉन ग्रीन." ग्रीन कसले, ओठ निळे पडलेले. चिऊ खोकली की मीटिंग सोडून धावत यायचे, आपली शाल तिच्यावर टाकायचे, बटण मात्र लावायचे नाहीत. आणि मी काय बोलणार, घर त्यांचं.

जानेवारीत भाऊजींना कोविड झाला. वरच्या खोलीत दार बंद, मी ताट दाराशी ठेवायची. मशीनचं बटण खाली स्वयंपाकघरात. वरनं ओरडले, "सविता, बंद केलंस का?" चिऊची छाती वाजत होती. मी म्हटलं, "हो भाऊजी." नाही केलं. वाटलं आता मशीन जळतंय, आता दीर घराबाहेर काढतायत, पण नाही केलं.

दोन-तीन दिवसांत चिऊ नुसत्या झबल्यावर रांगायला लागली, घरघर गेली. आणि वरनं भाऊजी कण्हायला लागले. "सविता गं, ताप चढला. अंगाची आग होतेय. मी काही वाचत नाही आता." थर्मामीटर दाराशी सरकवला. ताप नाही. परत लावायला सांगितला. नाहीच.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाराबाहेरनं म्हटलं, "भाऊजी, मफलर काढा. ताप नाही, घर तापलंय. मी बंद केलंच नव्हतं."

मला वाटलं, गेलो आम्ही रस्त्यावर. मग आतनं खाकरले आणि म्हणाले, "मी म्हणालो नव्हतो? मशीन उत्तम आहे."

त्यानंतर माझ्यादेखत त्या बटणाला हात लावला नाही. उलट लोकांनाच शिकवायचे, "हे चालूच ठेवायचं असतं, सगळ्यांना कळत नाही ते."

वर्ष संपता संपता ते डून लेरीला, समुद्राकाठच्या नव्या फ्लॅटमध्ये गेले. हे घर आम्हाला राहायला ठेवलं. परवा फोन आला. "सविता, इथे फार गारठा गं."

"मशीन कुठलं आहे?"

"आपल्यासारखंच."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना दटावलं. "भाऊजी, हात खिशात ठेवा."

"ठेवले बाई, ठेवले," म्हणाले. आणि फोनमधनं मला स्पष्ट ऐकू आलं, टक.